शक्ती दोई : लहान मुलांचे पोषण आणि उद्योगांची भागीदारी

बांगलादेशच्या उत्तर भागातील बोगरा (अलीकडे बोगुरा) हे शहर तेथील गोड दह्यासाठी प्रसिद्ध आहे. बांगला भाषेत दह्याला ‘दोई’ म्हणतात. मराठीतील ‘दही’ आणि हा ‘दोई’ हे दोन्ही शब्द एकाच ‘दधि’पासून आलेले आहेत. फेब्रुवारी २००७ मध्ये याच शहराजवळ दह्याचा एक लहानसा कारखाना सुरू झाला. तेथे तयार होणाऱ्या दह्याचे नाव ‘शक्ती दोई’ असे ठेवण्यात आले. ८० ग्रॅमच्या एका कपाची किंमत ५ टाका होती. (टाका हे बांगलादेशाचे चलन.) लहान मुलाला दिवसभरात लागणाऱ्या लोह, जस्त, आयोडीन आणि ‘अ’ जीवनसत्त्वापैकी सुमारे ३० टक्के भाग एका कपातून मिळावा, अशी त्याची घडण होती.

गरीब वस्त्यांतील मुलांच्या पोषणासाठी मोठ्या कंपन्यांशी भागीदारी करावी की नाही, या प्रश्नावर जगभर जी चर्चा झाली, तिच्यात या लहानशा कारखान्याचा उल्लेख वारंवार येतो. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून तो यशाचा नमुना म्हणून शिकवला गेला, तर टीकाकारांनी तो अपयशाचे उदाहरण म्हणून मांडला. प्रत्यक्ष हकीकत यापेक्षा गुंतागुंतीची आहे, आणि म्हणूनच ती तपशिलाने पाहण्यासारखी आहे.

कराराचे स्वरूप

ऑक्टोबर २००५ मध्ये डॅनोन या फ्रेंच खाद्यकंपनीचे अध्यक्ष फ्रांक रिबू आणि ग्रामीण बँकेचे संस्थापक प्रा. मुहम्मद युनूस यांची पॅरिसमध्ये जेवणाच्या निमित्ताने भेट झाली. त्या भेटीतून ‘ग्रामीण डॅनोन फूड्स’ ही संयुक्त कंपनी २००६ साली स्थापन झाली. निम्मा वाटा ग्रामीण समूहातील संस्थांचा आणि निम्मा डॅनोनचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनूस आणि ग्रामीण बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात फुटबॉलपटू झिनेदिन झिदान यांच्या हस्ते बोगऱ्यात कारखान्याची कोनशिला बसली. एवढ्या लहान दही-कारखान्याला एवढी प्रसिद्धी क्वचितच मिळाली असेल.

या कंपनीला युनूस ‘सामाजिक व्यवसाय’ म्हणत. त्याचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे, कारण धर्मादाय दान आणि सामाजिक व्यवसाय यांत अनेकदा गल्लत होते. दानात पैसा एकदा खर्च झाला की संपतो. सामाजिक व्यवसायात माल विकून खर्च भरून काढायचा असतो. गुंतवणूकदार आपले मूळ भांडवल परत घेऊ शकतो, परंतु नफा वाटून घेत नाही. उरलेला पैसा पुन्हा त्याच कामात घालायचा असतो. ग्रामीण डॅनोनच्या सुरुवातीच्या करारात केवळ १ टक्का नाममात्र लाभांशाची तरतूद होती. म्हणजेच नफ्याचा हव्यास काढून टाकला होता. विक्रीची गरज मात्र तशीच राहिली होती. पुढील सर्व अडचणींचे मूळ याच गोष्टीत आहे.

कप, दूध आणि विक्रेत्या स्त्रिया

डॅनोनच्या नेहमीच्या कारखान्यांच्या तुलनेत बोगऱ्याचा कारखाना मुद्दाम लहान ठेवला होता. आजूबाजूच्या लहान शेतकऱ्यांकडून दूध घ्यावे, जवळच्या खेड्यांत दही विकावे आणि वाहतुकीचा व शीतगृहाचा खर्च वाचवावा, अशी ही योजना होती. कपासाठी मक्याच्या स्टार्चपासून बनवलेले, कुजून जाणारे द्रव्य वापरण्यात आले. तो कपही मुलाला खाता येईल असा का करू नये, असा प्रश्न युनूस यांनी कंपनीच्या तंत्रज्ञांना विचारला होता. दहा वर्षांत असे ५० कारखाने उभारायचे ठरले होते.

विक्रीची जबाबदारी ‘शक्ती लेडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेड्यांतील स्त्रियांवर सोपवली होती. त्यांनी उष्णतारोधक पिशवीत कप घालून घरोघर जायचे आणि प्रत्येक कपामागे थोडे कमिशन घ्यायचे. कागदावर ही व्यवस्था सुरेख दिसते. प्रत्यक्षात एका खेड्यात दिवसाला विकले जाणारे कप मोजकेच, त्यामुळे कमाईही तुटपुंजी. उन्हात दही फार काळ टिकत नाही आणि गिऱ्हाइकांच्या घरी फ्रीज नाही, म्हणून न विकलेल्या मालाचा धोका कायम असे. त्यातच अनेक घरांत सुनेने दारोदार फिरून विक्री करणे कमीपणाचे मानले जाई. पहिल्या काळात काम सोडून गेलेल्या स्त्रियांची संख्या मोठी होती. याचे कारण बाहेरच्या निरीक्षकांनी बहुधा पर्दा हेच सांगितले. ते अर्धेच खरे आहे. पुरेशी मिळकत असेल तर त्याच खेड्यांतील स्त्रिया गाय पाळत, अंडी विकत, कर्ज घेऊन शिवणयंत्र चालवत. ग्रामीण बँकेचा सगळा इतिहास त्याच स्त्रियांचा आहे. दह्याच्या फेरीला लागणारा वेळ आणि हाती येणारे पैसे यांचा मेळ बसत नव्हता, हे कारण अधिक वजनदार वाटते.

२००८ : किमतीचा प्रश्न

२००७-०८ मध्ये जगभर अन्नधान्याच्या आणि दुधाच्या किमती भडकल्या. बोगऱ्यातही दूध महागले. ५ टाका किमतीत कप विकणे तोट्याचे झाल्यावर कंपनीने तो ८ टाका केला. ग्रामीण भागातील विक्री सुमारे ८० टक्क्यांनी घसरली. हा आकडा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मागणीची लवचीकता समजावून देण्यास पुरेसा आहे. रोजच्या मजुरीतून तांदूळ, डाळ, तेल यांची तजवीज झाल्यावर जे सुटे पैसे उरतात, त्यांतून हे दही घेतले जात होते. भाताची किंमत वाढली तेव्हा सर्वांत आधी दहीच बंद झाले.

यावर काढलेला तोडगा असा की कप ६० ग्रॅमचा करून किंमत ६ टाका ठेवायची. सूक्ष्मपोषकांचे प्रमाण असे ठेवले की ६० ग्रॅममधूनही तेवढाच ३० टक्के भाग मिळावा. हिशेब केला तर पूर्वीचा दर किलोला साडेबासष्ट टाका पडत होता, तो आता १०० टाका झाला. लोह व जीवनसत्त्व तेवढेच राहिले. दूध, म्हणजे प्रथिने आणि उष्मांक, एक चतुर्थांशाने घटले. पोषणाची व्याख्याच येथे नकळत अरुंद झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कप स्वस्त दिसावा म्हणून अन्न कमी केले आणि त्यातील औषधी भाग कायम ठेवला.

त्याच सुमारास ढाक्यासारख्या शहरांतील दुकानांतून अधिक किमतीला विक्री सुरू झाली. शहरातील मध्यमवर्गाकडून मिळणाऱ्या पैशांतून खेड्यातील कपाची किंमत कमी ठेवायची, असा त्यामागचा विचार होता. व्यवहार म्हणून तो गैर नाही. तथापि हळूहळू विक्रीचा मोठा भाग शहरांकडे सरकला, आणि ज्या मुलासाठी कारखाना काढला ते मूल आणि जे मूल दही खात होते ते, ही दोन वेगळी मुले झाली. नियोजित ५० कारखान्यांपैकी बोगऱ्याचा एकच उभा राहिला.

दही खाल्ल्याने काय झाले

शक्ती दोईचा मुलांना उपयोग झाला का? या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर शोधण्याचा प्रयत्न झाला, ही या उपक्रमाची जमेची बाजू होय. बोगरा परिसरातील चार प्राथमिक शाळांतील ६ ते ९ वयोगटातील सुमारे एक हजार मुलांवर वर्षभर चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकून काही मुलांना सूक्ष्मपोषके घातलेले दही व काहींना साधे दही देण्यात आले. कोणते दही कोणाला मिळते हे ना मुलांना माहीत होते, ना मोजमाप करणाऱ्यांना. वर्षाअखेर सूक्ष्मपोषकांचे दही खाणाऱ्या मुलांत हिमोग्लोबिन, ‘अ’ जीवनसत्त्व आणि आयोडीन यांची स्थिती अधिक चांगली आढळली. उंचीही किंचित अधिक वेगाने वाढली.

चाचणी काटेकोर होती, म्हणून तिचा अर्थही काटेकोरपणेच लावला पाहिजे. मुलांना दही शाळेत आणि फुकट मिळत होते. त्यामुळे ‘नियमितपणे खाल्ले तर काय होते’ एवढेच तिच्यावरून कळते. ६ टाका खर्चून आई ते किती दिवस आणू शकते, हे तिच्यावरून कळत नाही. रोज एक कप म्हटले तर एका मुलाचा महिन्याचा खर्च १८० टाका होतो, आणि घरात मूल एकच नसते.

दुसरा मुद्दा वयाचा आहे. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने माता-बाल कुपोषणावर लेखमाला प्रसिद्ध केली. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचा काळ निर्णायक असतो आणि त्या काळात खुंटलेली वाढ पुढे फारशी भरून निघत नाही, हे तिच्यात ठळकपणे मांडले होते. पुढे ‘पहिले हजार दिवस’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. शाळेत जाणारे सात वर्षांचे मूल या काळाच्या पलीकडे गेलेले असते. शक्ती दोईचा लाभ सिद्ध झाला तो अशा मुलांत.

दोन वर्षांखालील मूल आणि कंपन्या

मग कंपन्यांनी सरळ सहा महिन्यांच्या बाळासाठीच पदार्थ का करू नये, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. येथे इतिहास आड येतो. १९७४ मध्ये ब्रिटनमधील ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेने ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली. गरीब देशांत दुधाच्या भुकटीची जाहिरात कशी केली जाते आणि अस्वच्छ पाण्यात कालवलेल्या त्या भुकटीमुळे बाळे कशी दगावतात, हे तिच्यात मांडले होते. १९७७ पासून नेस्ले कंपनीवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली. त्याचा परिणाम म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मातेच्या दुधाला पर्यायी पदार्थांच्या विपणनाविषयी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. भारताने १९९२ मध्ये त्यासंबंधी स्वतंत्र कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. दोन वर्षांखालील बालकांच्या तयार अन्नाची जाहिरात, फुकट नमुने, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी, त्यांच्या परिषदांना वा अभ्यासक्रमांना कंपनीचे प्रायोजकत्व, या सर्वांस त्यात मनाई आहे.

ज्या डॅनोनने बोगऱ्यात सामाजिक व्यवसाय सुरू केला, त्याच डॅनोनने २००७ मध्ये न्यूमिको ही बालदुग्धाची मोठी कंपनी विकत घेतली. एका हाताने गरीब मुलाला दही देणारी कंपनी दुसऱ्या हाताने बाळाच्या भुकटीची बाजारपेठ धुंडाळत असते, यात दांभिकपणाच आहे असे म्हणण्याची गरज नाही. कंपनीचा स्वभावच तसा असतो. भागीदारीचा करार करणाऱ्याने तो ओळखून करार करावा.

अतितीव्र कुपोषित बालकांच्या उपचाराचे क्षेत्र थोडे वेगळे आहे. आंद्रे ब्रियाँ हे बालपोषणतज्ज्ञ आणि न्यूट्रिसेट ही फ्रेंच कंपनी यांनी १९९० च्या दशकात शेंगदाणे, दूधपावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांचे एक वाटण तयार केले. ९२ ग्रॅमच्या पुडीत सुमारे ५०० किलोकॅलरी असतात. त्यात पाणी मिसळावे लागत नाही, त्यामुळे जंतूंचा धोका कमी होतो आणि मुलाला रुग्णालयात न ठेवता घरी उपचार करता येतात. २००५ मधील नायजरच्या अन्नसंकटात त्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला आणि पुढे नायजरच्याच एका कंपनीशी भागीदारी करून तेथे उत्पादनही होऊ लागले. उपचार म्हणून या पुडीचे मोल वादातीत आहे. वाद झाला तो पेटंटवर. शेंगदाण्याच्या वाटणावर एका कंपनीची मक्तेदारी का, या प्रश्नावर अमेरिकेत दावा दाखल झाला. त्यानंतर २०१० मध्ये कंपनीने विकसनशील देशांतील उत्पादकांना सोप्या अटींवर परवानगी देऊ केली.

हा वाद भारतातही आला होता. युनिसेफने बिहार आणि मध्य प्रदेशात अशा आयात पुड्या वाटण्यास सुरुवात केली, तेव्हा २००९ मध्ये परवानगीच्या मुद्द्यावरून केंद्र सरकारने ते वाटप थांबवले. इंदूर-ग्वाल्हेरकडील शिक्षकांना तो प्रसंग आठवत असेल. स्थानिक अन्नाने जे साधते त्यासाठी पाकीटबंद माल का, असा एक पक्ष होता. तीव्र आजारी मुलाला तत्त्वचर्चेपायी ताटकळत ठेवू नये, असा दुसरा. दोन्ही पक्षांत तथ्य होते. उपचार आणि रोजचा आहार या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे मात्र त्या चर्चेत अनेकदा सुटले.

खरेदीदार सरकार असते तेव्हा

बोगऱ्यात आई गिऱ्हाईक होती. भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली (१९७५, आता ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’) खरेदीदार सरकार आहे. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांना घरपोच आहार मिळतो आणि आईला त्यासाठी काहीच द्यावे लागत नाही. बोगऱ्यातील किमतीचा अडसर येथे नाही. त्याऐवजी दुसरा प्रश्न येतो : पुरवठा कोणी करायचा? २०१७ मध्ये दर मुलामागे रोज ८ रुपये असा खर्चाचा दर ठरला. एका मुलाचे आठ रुपये क्षुल्लक दिसतात. एका राज्यातील लाखो मुलांचे वर्षभराचे आठ रुपये म्हणजे शेकडो कोटींचे कंत्राट होते.

सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात ऑक्टोबर २००४ मध्ये आदेश दिला की, अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नेमू नयेत. ग्रामसमुदाय, बचत गट आणि महिला मंडळे यांना प्राधान्य द्यावे. आदेशाचा हेतू स्वच्छ होता. महाराष्ट्रात काय घडले ते न्यायालयाच्या आयुक्तांनी २०१२ मध्ये मांडले : कागदावर महिला मंडळे आणि प्रत्यक्षात त्यांच्या आडून खाजगी कंपन्या. पुढे २०१६ च्या निविदांच्या अटीही अशा होत्या की खेड्यातील बचत गट त्यांत टिकणे अशक्य होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निविदा रद्द केल्या. ‘भागीदारी’ हा शब्द किती ताणता येतो याचे हे उदाहरण.

केरळमधील कुटुंबश्री या महिला-संघटनेच्या गटांनी वेगळा मार्ग धरला. कासरगोड येथील केंद्रीय बागायती पिके संशोधन संस्थेने ‘अमृतम न्यूट्रिमिक्स’ या पिठाची कृती तयार केली. गहू, हरभरा, शेंगदाणे, सोयाबीन आणि साखर यांचे हे मिश्रण महिलांचे छोटे उद्योग भाजून, दळून, पाकिटात भरून अंगणवाड्यांना पुरवतात. कृती संशोधन संस्थेची, भांडवल बँकेचे, खरेदी सरकारची आणि श्रम व मालकी स्त्रियांची, अशी ही विभागणी आहे. यातही अडचणी आहेत. शेंगदाण्याला बुरशी लागून विषारी अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकते, आणि प्रत्येक लहान गटाच्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी करणे खर्चाचे असते. तेलंगणाने उलट पद्धत स्वीकारली. हैदराबादजवळ नाचारम येथे राज्याच्या मालकीच्या कारखान्यात ‘बालामृतम’ तयार होते : गहू, चणाडाळ, दूधपावडर, साखर आणि तेल. एका ठिकाणी उत्पादन असल्याने दर्जावर देखरेख सोपी. गावातील स्त्रीच्या हाती मात्र त्यातून रोजगार येत नाही.

मराठी घरांत बाळाला दिले जाणारे नाचणीचे सत्त्व या संदर्भात आठवते. नाचणीला मोड आणून ती वाळवतात आणि दळतात. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर तयार होते. ते स्टार्च फोडते, म्हणून खीर फार घट्ट न होता तेवढ्याच वाटीत अधिक पीठ बसते. बाळाचे पोट लहान, पण गरज मोठी; ही अडचण आजीबाईंनी कंपन्यांच्या कितीतरी आधी सोडवली होती. त्यात लोह पुरेसे शोषले जात नाही, हेही खरे. सूक्ष्मपोषके मिसळण्याचे तंत्र उद्योगांकडे आहे आणि ते त्यांच्याकडून घेण्यास संकोच करण्याचे कारण नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती आणि ६ ते ५९ महिन्यांच्या ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी किमान पुरेसा आहार मिळणारी जेमतेम ११ टक्के होती. बांगलादेशातील खुंटलेल्या मुलांचे प्रमाण २००७ मधील ४३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २४ टक्क्यांवर आले. या घटीचे श्रेय एका दह्याच्या कारखान्याला देता येणार नाही. मुलींचे शिक्षण, शौचालये, लसीकरण आणि वाढते उत्पन्न यांचा वाटा त्यात मोठा मानला जातो.

२०१३ च्या कंपनी कायद्यामुळे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते, आणि कुपोषण-निर्मूलन हा त्यातील मान्य विषय आहे. त्यामुळे महाविद्यालयांकडे आणि शिक्षणसंस्थांकडेही असे प्रस्ताव येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना वाटपाच्या छायाचित्रांऐवजी एक साधे काम देता येण्यासारखे आहे. बालामृतमचे पाकीट अडीच किलोचे असते आणि ते एका मुलाला महिनाभर पुरावे अशी अपेक्षा आहे. म्हणजे रोज सुमारे ८३ ग्रॅम. घरात आणखी दोन भावंडे असतील आणि तिघांत सारखे वाटले गेले, तर सर्वांत लहान मुलाच्या वाट्याला सुमारे २८ ग्रॅम येतात. पाकीट घरात आल्यावर ते किती दिवसांत संपले आणि कोणी खाल्ले, एवढी नोंद वस्तीतील वीस-पंचवीस घरांत ठेवता येते.